पांढऱ्या बुंध्याचा बर्च: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी गुलाबांच्या छाटणीवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हणून आमच्या न्यू हॅम्पशरच्या घरामागचा बर्च बर्फात कसा दिसतो त्याचा एक फोटो टाकला. गुलाबांबद्दल एकाचंही पत्र नाही! सगळे प्रश्न त्या पांढऱ्या झाडाचे. हा कुठला, आमच्याकडे आहे तो हाच का, लावता येईल का, पुण्यात येईल का. तर या वेळी फक्त बर्च. काही पत्रं लांब होती ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार ताई, गेल्या ऑक्टोबरात आम्ही घर घेतलं. पुढच्या अंगणात एकाच जागेतून तीन बुंधे निघालेलं पांढरं झाड आहे. शेजारचे आजोबा म्हणतात बर्च, ऑफिसमधला मित्र म्हणतो अ‍ॅस्पेन आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात हा तर भुत्या, दारात कशाला ठेवलाय. साल सोलली जात नाही, फांद्या फुटतात तिथे खाली काळे डाग आहेत, आणि मुलांनी बुंध्याला हात लावला की हात पांढरे होतात. नक्की काय आहे?

उत्तर: सासूबाईंना सांगा की त्यांची नजर चांगली आहे पण झाड चुकलं. भुत्या म्हणजे आपला कांडोळ, त्याबद्दल खाली पुण्याच्या प्रश्नात लिहिलंय, तो न्यू जर्सीच्या थंडीत एक हिवाळासुद्धा काढणार नाही.

आता अ‍ॅस्पेन की बर्च. अ‍ॅस्पेनची साल पांढरट असली तरी तिच्यात हिरवट-पिवळट झाक असते आणि ती कागदासारखी सुटत नाही. पान गोलसर, देठ चपटा, त्यामुळे वारा नसतानाही पान हलत राहतं, आपल्या पिंपळाचं हलतं ना तसंच. आणि अ‍ॅस्पेन मुळांवरून पिल्लं काढतो, म्हणजे मूळ झाडापासून पंधरा-वीस फुटांवर लॉनमध्ये त्याची पोरं उगवलेली दिसतात. बर्चच्या सालीवर आडव्या बारीक रेघा असतात, कोणीतरी पेन्सिलने तुटक रेघा मारल्यासारख्या, ती त्याची श्वास घ्यायची छिद्रं. तुमच्या फोटोत त्या दिसतायत, त्यामुळे आजोबा बरोबर.

पण बर्च म्हटल्याने काम संपत नाही कारण अमेरिकेतल्या अंगणांत पांढऱ्या सालीचे निदान तीन-चार प्रकार सर्रास सापडतात आणि नर्सरीवाले सगळ्यांनाच व्हाइट बर्च म्हणून मोकळे होतात. तुम्ही दिलेल्या तीन खुणा, साल न सुटणं, फांदीखाली काळा त्रिकोण आणि हाताला खडूसारखी पावडर, या तिन्ही मिळून माझं मत ग्रे बर्चकडे जातं. नावात ग्रे असलं तरी साल चांगली पांढरी असते. ते काळे त्रिकोण म्हणजे मिशीसारखे दिसतात, आमच्याकडची मुलं त्याला बर्चची मिशी म्हणतात. तुमच्या भागातला तो मूळचाच आहे, तीन-चार बुंधे एकत्र येणं ही त्याची सवयच.

खात्री करायची असेल तर मे महिन्यात पान बघा. ग्रे बर्चचं पान त्रिकोणी, चकचकीत आणि टोक चांगलं लांब ओढलेलं, परत पिंपळच आठवतो. पेपर बर्चचं, म्हणजे ज्याची साल कागदासारखी सुटते त्या जातीचं, पान अंडाकृती, बुडाशी गोलसर, टोक साधं. थंडीत पानं नसतील तर फांदीच्या टोकाला लोंबते तुरे बघा, ते नरफुलांचे तुरे शरद ऋतूतच तयार होऊन हिवाळाभर तसेच राहतात. ग्रे बर्चला टोकाला बहुतेक एकटाच तुरा असतो, पेपर बर्चला दोन-तीन एकत्र. तिसरा शक्य असलेला म्हणजे युरोपातला सिल्व्हर बर्च, त्याच्या बारीक फांद्या खाली लोंबतात, डहाळीवरून बोट फिरवलं तर खरखरीत बारीक पुळ्या लागतात आणि म्हाताऱ्या झाडाच्या बुडाशी काळ्या, चौकटच्या आकाराच्या खोल भेगा पडतात.

अजून एक गंमत. डहाळीची साल नखाने खरवडून वास घ्या. आयोडेक्ससारखा वास आला तर तो यलो किंवा ब्लॅक बर्च, त्यांची साल पांढरी नसतेच. पांढऱ्या जातींना तो वास नाही. मी तर वाटेत दिसेल त्या डहाळीचा वास घेत चालते, नवऱ्याने आता माझ्याबरोबर फिरायला यायचं बंद केलंय.

आणि हो, ग्रे बर्च दीर्घायुषी नाही. तीस-चाळीस वर्षं म्हणजे खूप झालं. बर्फाचं ओझं आलं की कमानीसारखा वाकून शेंडा जमिनीला टेकवतो, पहिल्यांदा बघाल तेव्हा पोटात गोळा येईल पण लगेच करवत आणू नका, बरेचदा बर्फ वितळल्यावर बराचसा सरळ होतो. बर्फ झाडायचाच असेल तर फांदी खालून हलकेच वर उचला, वरून काठीने बडवू नका.

प्रश्न (नेपरव्हिल, इलिनॉय): ताई, आमचा बर्च बारा वर्षांचा आहे, कागदासारखी सुंदर साल. गेल्या उन्हाळ्यात शेंड्याची पानं विरळ झाली, या वर्षी वरचा भाग पूर्ण वाळलाय. पाणी कमी पडलं असेल म्हणून लॉनचा स्प्रिंकलर वाढवला, खत टाकलं. फरक नाही. वरचा वाळलेला भाग कापला तर खालचं वाचेल का?

उत्तर: कापायच्या आधी एक काम करा, शिडी लावून वाळलेल्या भागाच्या खालची साल नीट बघा. इंग्रजी कॅपिटल डी अक्षरासारखं, एका बाजूने सपाट आणि एका बाजूने गोल, असं बारीक भोक दिसतंय का? तांदळाचा दाणा आडवा जाईल एवढंच असतं. आणि सालीखाली शिरा सुजल्यासारखे वेडेवाकडे उंचवटे आहेत का? असतील तर तो ब्राँझ बर्च बोरर. वरून सुकत खाली येणं ही त्याची ठरलेली चाल.

हा छोटा, तांबूस चमकणारा भुंगा. साधारण मे अखेरीपासून जूनमध्ये बाहेर पडतो, सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी सालीच्या आतल्या जिवंत थरात नागमोडी बोगदे करत खात जाते. झाडाचं अन्न-पाणी ज्या नळ्यांतून चालतं त्याच तुटल्या की वरचा भाग उपाशी. म्हणून तुम्ही मुळाशी कितीही पाणी घातलं तरी शेंड्याला पोचत नाही, आणि खताने तर उलट त्रासच, आजारी माणसाला बासुंदी पाजल्यासारखं.

तगड्या झाडात अळीचं फारसं चालत नाही, सालीखालची जखम झाड भरून काढतं. बोरर धरतो तो तहानलेल्या, तापलेल्या झाडाला. पेपर बर्च जिथे जुलैचं सरासरी तापमान २१ सेल्सिअसच्या वर जातं तिथे निसर्गात क्वचितच वाढतो, आणि शिकागोच्या उपनगरात तुमचा जुलै त्याच्या वरच असतो. त्यात तिथली माती चिकण आणि अल्कलाइन. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं होत असेल तर ते लोह न मिळाल्यामुळे, आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडतो तसं.

वाचेल का, तर हिशोब असा की डोक्यावरचा एक तृतीयांश भागच गेला असेल तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. सर्टिफाइड आर्बरिस्ट, म्हणजे झाडांचा डॉक्टर, बोलवा, तो बुंध्यात किंवा मुळाशी औषध देईल. मुळाशी औषध घालणार असाल तर झाडाखाली फुलझाडं ठेवू नका कारण तेच औषध ती शोषतात आणि मग फुलांवरच्या मधमाश्यांच्या पोटात जातं. अर्ध्याच्या वर सुकलं असेल तर खरं सांगते, पैसे वाया घालवू नका. वाळलेल्या फांद्या कापायच्या त्या भुंगा उडत नसतो तेव्हा, म्हणजे साधारण सप्टेंबरनंतर थंडी पडेपर्यंत किंवा भर हिवाळ्यात. मे ते ऑगस्ट करवतीला हात लावू नका, ताज्या जखमेच्या वासाने भुंगे येतात.

दुसरं लावताना कृपा करून परत तेच लावू नका. ओहायोमध्ये २० वर्षं चाललेल्या एका प्रयोगात वेगवेगळे बर्च शेजारी शेजारी लावून बघितले होते, त्यातले युरोप-आशियातले बर्च पहिल्या आठेक वर्षांतच बोररने संपवले आणि अमेरिकेतल्या मूळच्या जातींतली बरीचशी झाडं टिकली. कारणही सरळ आहे, बोरर इथलाच, इथल्या झाडांची त्याच्याशी जुनी ओळख. सगळ्यात चिवट रिव्हर बर्च. त्यातला हेरिटेज नावाचा प्रकार मिळतो, साल पांढरीशुभ्र नाही, पिवळट-गुलाबी पापुद्रे सुटतात, पण उन्हाळा सोसतो आणि बोररला दाद देत नाही. फक्त माती फार अल्कलाइन असेल तर तोही पिवळा पडतो, म्हणून आधी मातीची तपासणी करून घ्या.

प्रश्न (फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स): काकू, मला पेपर बर्चच लावायचाय, माझ्या मनात भरलाय. ड्राइव्हवेच्या कडेला, जिथून गाडी वळते तिथे, संध्याकाळचं ऊन बुंध्यावर पडून मस्त दिसेल. किती मोठं रोप घेऊ, कधी लावू?

उत्तर: अरे बाबा थांब. तू जी जागा सांगतोयस ना, अगदी त्याच जागी मी माझा पहिला बर्च लावला होता. नैऋत्येचा कोपरा, डांबराचा ड्राइव्हवे, वर शोभेला पांढरे गोटे पसरले आणि गवत येऊ नये म्हणून गोट्यांखाली काळं प्लास्टिक. संध्याकाळी असा काही दिसायचा की येणारा-जाणारा गाडी हळू करायचा. चौथ्या उन्हाळ्यात शेंडा गेला, पाचव्यात झाड गेलं. काढताना बघितलं तर प्लास्टिकखाली मुळं अक्षरशः भाजल्यासारखी झाली होती, वरच्या चार-पाच इंचांत सगळी, खाली गेलेलीच नाहीत. बर्चची मुळं उथळ असतात हे मी नर्सरीत काम करून दुसऱ्यांना शिकवत होते, आणि स्वतःच्या दारात विसरले!

तेव्हा जागा निवडताना बुंधा कुठून छान दिसेल ते नंतर बघ, आधी पाय कुठे गार राहतील ते बघ. डोक्यावर ऊन आणि पायाशी सावली हे त्याचं जमतं. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जिथे दुपारी दोननंतर घराचीच सावली मुळांवर येते पण शेंड्याला ऊन मिळतं, अशी जागा उत्तम. माती जराशी आम्ल, ओलावा धरणारी पण पाणी तुंबणारी नको. तुमच्या भागात हे बहुतेक आपोआप मिळतं.

रोप लहान घे. सहा-सात फुटी पुरे. मोठं झाड लावल्याचं समाधान मिळतं पण लहान रोप लवकर रुजतं आणि चार वर्षांत मोठ्याला गाठतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर चाकूने उभे काप दे, घाबरू नकोस. खड्डा रुंद कर, खोल नको, बुंधा जिथे पायाशी फुगतो तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. नर्सरीत बऱ्याचदा तो आधीच मातीत गाडलेला असतो, बोटाने उकरून शोध. एका नर्सरीतून मी पेपर बर्च म्हणून आणलेलं रोप चार वर्षांनी सिल्व्हर बर्च निघालं, त्यामुळे लेबलवर फार विश्वास ठेवू नकोस, डहाळीवरून बोट फिरवून बघ, खरखर लागली तर परत ठेव. आणि हे पण लक्षात ठेव की लहान रोपाची साल पांढरी नसते, तपकिरी-लालसर, चेरीच्या झाडासारखी असते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस.

वरून लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन, तीन इंच जाड, जितकं लांब पसरवता येईल तितकं. पण बुंध्याला टेकवू नकोस, हाताची वीतभर जागा मोकळी सोड. इथे लोक बुंध्याभोवती मल्चचा डोंगर रचतात, वारूळ वाटतं. साल ओली राहून कुजते. पाणी पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा भरपूर, पाइप बारीक धारेवर ठेवून सावकाश, सहा-आठ इंच खोल ओल गेली पाहिजे. रोज पाच मिनिटांचा स्प्रिंकलर म्हणजे तहानलेल्याला चमच्याने पाणी. दुष्काळी उन्हाळ्यात मोठ्या झाडालाही घाल, पंधरा वर्षांचं झालं तरी.

प्रश्न (नॅशुआ, न्यू हॅम्पशर): बर्च बियांपासून करता येतो का? मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवंय, आपल्या राज्याचं झाड आहे ना.

उत्तर: हो, १९४७ पासून पेपर बर्च हे न्यू हॅम्पशरचं राज्यवृक्ष आहे आणि तुम्ही माझ्या शेजारच्याच! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडावरचे बोटाएवढे तपकिरी तुरे, मादीफुलांचे, हातात चुरडा. भुर्रकन चुरा होतो आणि त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक म्हणजे तीन टोकांचे खवले आणि दुसरं खरं बी, नाचणीच्या दाण्याएवढं चपटं, दोन्ही बाजूंना पारदर्शक पंख. मुलीला भिंगातून दाखवा, प्रोजेक्टचं अर्धं काम तिथेच होतं.

बी ओल्या वाळूत मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये दीड-दोन महिने ठेवायचं, म्हणजे त्याला हिवाळा होऊन गेल्यासारखं वाटतं. डब्यावर नाव लिहा. माझा कोणीतरी ओवा समजून उघडला होता. मग ट्रेमध्ये मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि हाताने दाबायचं, वर माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. लोक मेथी-कोथिंबिरीसारखं झाकून टाकतात आणि म्हणतात बी खराब होतं. माती सुकू देऊ नका, दोन ते चार आठवड्यांत केसाएवढे कोंब येतील, बरंचसं बी फोलच असतं त्यामुळे भरपूर पेरा. पांढरी साल बघायला मात्र मुलगी मिडल स्कूल संपवेल.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): आमच्या सोसायटीत तीन अगदी चुन्यासारखे पांढरे बर्च आहेत, पाटीवर हिमालयन असं लिहिलंय. बुंध्यावर हिरवट थर आलाय, एक शेजारीण म्हणते धुवा. खरंच झाड धुतात का? आणि मार्च-एप्रिलमध्ये माझे डोळे-नाक वाहतात ते याच्यामुळे का?

उत्तर: धुतात! तुमच्याकडे हा छंद आहे, चेष्टा नाही. साधं कोमट पाणी आणि मऊ स्पंज, वरून खाली, फेब्रुवारी-मार्चमध्ये. साबण, ब्लीच, प्रेशर वॉशर काही नको. तो हिरवा थर शेवाळाचा, झाडाला त्याने काही होत नाही, फक्त पांढरेपणा झाकला जातो. हा पांढरेपणा बेट्युलिन नावाच्या द्रव्यामुळे आहे, त्याचे कण सालीच्या पेशींत भरलेले असतात. साल पाण्याला दाद देत नाही आणि हिवाळी ऊन परतवते.

तुमचे बर्च म्हणजे जॅक्मोंटी, पश्चिम हिमालयातल्या भूर्जाचा सगळ्यात पांढरा प्रकार, आपलं भूर्जपत्र ज्याचं तोच. अमेरिकेत मी हा लावा असं कोणाला सांगत नाही, बोरर त्याला सोडत नाही. पण ब्रिटनमध्ये तो बोरर नाही, तुम्ही सुखात आहात. नावाची गोष्ट सांगते. व्हिक्टर जाकमाँ हा फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ पॅरिसच्या म्युझियमसाठी १८२९ मध्ये भारतात आला, हिमालय, काश्मीर पालथं घातलं आणि १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला, वय फक्त ३१. म्हणजे इंग्लंडमध्ये दारोदारी ज्याच्या नावाचं झाड उभं आहे त्याचा शेवट आपल्या मुंबईत झाला.

नाक वाहण्याचं म्हणाल तर शक्यता दाट आहे. बर्चचा परागकण वाऱ्यावर उडतो आणि ब्रिटनमध्ये मार्च अखेर ते मे हाच त्याचा मोसम. एक खूण विचारते, कच्चं सफरचंद किंवा हेझलनट खाल्लं की तोंडाला-घशाला खाज सुटते का? बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना सुटते, तेच सफरचंद शिजवलं तर काही होत नाही. तसं असेल तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, नक्की सांगा. झाड तोडून उपयोग नाही, पराग मैलोन्‌मैल येतो.

प्रश्न (पुणे, कोथरूड): मॅडम, ऑनलाइन भूर्जपत्राच्या बिया मागवल्यात, गच्चीत मोठी कुंडी तयार आहे. नाही जमलं तर महाबळेश्वरला भावाची जागा आहे, तिथे थंडी असते. काय टिप्स द्याल? आणि मेळघाटात ट्रेकला पांढऱ्या, साल सुटणाऱ्या झाडाचा फोटो काढलाय, तो भूर्जच ना?

उत्तर: टिप एकच, कुंडीत कढीपत्ता लावा. चिडू नका, ऐका. भूर्ज हिमालयात साधारण ३००० मीटरच्या वर, झाडांची हद्द संपते तिथे वाढतो, वर्षातले कित्येक महिने बर्फात. त्याला ती लांब झोप लागते, ती मिळाली नाही तर पालवीचं गणितच बिघडतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठलं की पेपरात फोटो येतो, म्हणजेच ती बातमी आहे, रोजचं नाही. वर पावसाळ्यात चार महिने जो धो धो पाऊस त्यात त्याची मुळं कुजतील. ऑनलाइन आलेलं बी भूर्जाचंच आहे की आणखी कशाचं हेही कोण सांगणार.

भूर्ज बघायचा असेल तर गंगोत्रीहून गोमुखाच्या वाटेवर भोजबासा लागतं, नावच भोजपत्रावरून. यात्रेकरूंच्या चुली आणि खेचरांची चराई यात तिथलं रान विरळ झालं. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी त्या भागात रोपवाटिका करून भूर्ज पुन्हा लावायचं काम नेटाने केलं. म्हणून ते ताईत, यंत्र वगैरे लिहायला ऑनलाइन साल मागवतात ना, ती मागवू नका असं माझं मत.

आणि भूर्ज बघायला तुम्हाला हिमालयात जायचीही गरज नाही, तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर भांडारकर संस्था आहे! ऋग्वेदाच्या ज्या ३० पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत गेल्या त्या तिथल्या, आणि त्यातली एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत लिहिलेली आहे. ब्यूलर या जर्मन संस्कृत पंडिताने १८७५ च्या काश्मीर दौऱ्यात अशा पोथ्या गोळा केल्या होत्या. झाडाची साल शतकानुशतकं अक्षरं धरून राहते, त्यामागे तेच वर सांगितलेलं बेट्युलिन, पाणी आणि बुरशी लांब ठेवणारं. बर्च आणि भूर्ज हे शब्दही सख्खे चुलत भाऊ आहेत बरं का, एकाच जुन्या मुळातले.

आता मेळघाटचा फोटो. तो कांडोळ आहे, कोणी कढई म्हणतं, कोणी पांढरूख, आणि एडिसनच्या सासूबाईंचा भुत्या तो हाच. उन्हाळ्यात पानं गळून नागडा झाला की चांदण्यात खरंच भुतासारखा दिसतो. साल पातळ पापुद्र्यांनी सुटते त्यामुळे फसायला होतं, पण त्या आडव्या पेन्सिलच्या रेघा नाहीत, पान पंज्यासारखं पाच भागांचं आणि फळं तांबडी, मखमली. त्या मखमलीला हात लावू नका, खाजकुयलीसारखी कुसं टोचतात. पांढरा बुंधाच हवा असेल तर हा लावा की! खडकाळ, कोरडी जमीन त्याला आवडते, पुण्याचा उन्हाळा त्याच्या घरचाच. फक्त गच्चीत नको, भावाच्या महाबळेश्वरलाही नको, कोरड्या भागात कोणाची डोंगरउताराची जागा असेल तर तिथे.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास): सुट्टीत व्हरमाँटला गेलो होतो, मुलांनी झाडाची साल सोलून त्यावर पत्रं लिहिली. झाडाला काही होईल का? आणि मेपलसारखं बर्चचं सिरप करतात म्हणे?

उत्तर: पडलेल्या झाडाची सोला, हवी तेवढी. उभ्या झाडाची नको, वरचा पापुद्रा गेला की तिथे पुन्हा पांढरं येत नाही, काळा डाग कायमचा राहतो, आणि चुकून आतली साल गोल कापली गेली तर झाडच मरतं. ट्रेलच्या कडेची बर्चची झाडं बघा, मुलांच्या उंचीपर्यंत सगळी काळी.

सिरप करतात. मेपलचा रस ओसरत येतो तेव्हा बर्चचा सुरू होतो. मेपलचा साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप मिळतं, बर्चचा १०० लिटरच्या वर लागतो. मी एका वर्षी हौसेने दहा लिटर जमवला, सबंध रविवार गॅसवर आटवला, खिडक्यांवर वाफ धरली, आणि शेवटी निघालं ते आमटीच्या लहान वाटीत मावेल एवढं. चव मेपलसारखी अजिबात नाही, काळपट, किंचित आंबूस, थेट काकवी. सांगलीकडची माणसं आम्ही, गरम भाकरीबरोबर एका बैठकीत संपवलं.